राजाच्या दारापाशी कोण? दुसऱ्या एडवर्डच्या दरबारातली वीस वर्षं

७ जुलै १३०७ रोजी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडच्या सीमेवर, कार्लाइलजवळच्या बर्ग-बाय-सँड्स इथे, मोहिमेवर असतानाच वारला. गादीवर आला त्याचा तेवीस वर्षांचा मुलगा, दुसरा एडवर्ड. महिनाही पुरता उलटला नव्हता, तोच ६ ऑगस्टला नव्या राजाच्या नावे एक सनद निघाली. कॉर्नवॉलचं अर्लपद, म्हणजे राजाखालोखालच्या सरदाराचा मान, आणि त्याबरोबरच्या सगळ्या जमिनी पिअर्स गॅव्हस्टनला दिल्या गेल्या. गॅव्हस्टन हा नैऋत्य फ्रान्समधल्या, इंग्लंडच्या राजाच्या ताब्यातल्या गॅस्कनीतल्या एका लहानशा सरदाराचा मुलगा, राजाचा जिवलग. म्हाताऱ्या राजानं त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याला हद्दपार केलं होतं.

पुढच्या वीस वर्षांत या दरबारात अनेक अर्ल मारले गेले, राणीनं नवऱ्यावर फौज आणली आणि शेवटी राजालाच पायउतार व्हावं लागलं. हा सगळा काळ बहुतेकदा राजाच्या मैत्रीची आणि सरदारांच्या मत्सराची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मैत्री होती, मत्सरही होता. पण भांडण नेमकं कशाचं होतं हे कळायला त्या सनदेचा हिशेब मांडून पाहावा लागतो.

चार हजार पौंड म्हणजे किती

त्या काळी एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स होत. शेतावर राबणाऱ्या मजुराला दिवसाला दीड-दोन पेन्स मिळत. म्हणजे एक पौंड कमवायला त्याला चार ते पाच महिने रोज काम करावं लागे. वर्षाला चाळीस पौंड उत्पन्न असलेला जमीनदार 'नाइट' होण्याइतका सधन समजला जाई. अर्लचा थाट सांभाळायला हजार पौंड लागतात, असा सर्वसाधारण अंदाज होता. राजाखालोखाल मान असलेले हे अर्ल साऱ्या देशात मिळून डझनभराच्या आसपास होते.

कॉर्नवॉलचं उत्पन्न चार हजारांच्या घरात होतं आणि त्यात तिथल्या कथलाच्या खाणींचा मोठा वाटा होता. शिवाय हे अर्लपद राजघराण्यातलं होतं. म्हाताऱ्या राजाच्या दुसऱ्या लग्नातल्या धाकट्या मुलांपैकी एकाला ते मिळेल, असं सगळे धरून चालले होते. ते एका परक्याच्या हाती गेलं. त्यात जुना राजा मागे जवळपास दोन लाख पौंडांचं कर्ज ठेवून गेला होता. खजिन्यात खडखडाट असताना राजानं सगळ्यात मोठं बक्षीस एकाच माणसाला दिलं, आणि तेही कुणाला न विचारता.

इतर अर्लना याचं एवढं का लागावं? तेही गडगंज होते. पण अर्लचा पैसा त्याच्याकडे फार काळ राहत नसे. त्याच्या पदरी नाइट, वकील, कारभारी असत. मोठ्या नाइटला बांधून घ्यायचं तर लेखी करार होई. एकाच चामड्यावर मजकूर दोनदा लिहायचा, मधून नागमोडी रेषेत कापायचं आणि अर्धा अर्धा भाग दोघांनी ठेवायचा. वाद झाला तर दोन कडा जुळवून करार खरा की खोटा ते कळे. करारात सालीना रक्कम, वर्षाचे पोशाख, घोड्यांचा दाणा, वाड्यावरचं जेवण आणि लढाईत घोडा मेला तर त्याची भरपाई असं सगळं ठरलेलं असे. बदल्यात त्या नाइटनं ठरलेल्या संख्येनं माणसं घेऊन हजर व्हायचं. याखेरीज एक न लिहिलेली अपेक्षा असे, ती म्हणजे आपला धनी राजाकडे आपलं काम करून देईल. कुणाला जिल्ह्याचा शेरीफ व्हायचं असे, कुणाला खटल्यात माफी हवी असे, कुणाला एखाद्या श्रीमंत पोरक्या मुलीशी लग्न जुळवायचं असे. राजापाशी ज्या अर्लचा शब्द चालत नाही, त्याची माणसं हळूहळू दुसऱ्या दाराशी जाऊन बसत. राजाची मर्जी गेली की अर्लच्या पायाखालची वाळूच सरकायची, ती अशी.

राजाच्या हातात काय काय होतं

जमीन तर होतीच. पण रोजच्या दरबारी चुरशीत जमिनीपेक्षा जास्त उलाढाल व्हायची ती मृत्यूंवर. मोठ्या जमिनी थेट राजाकडून धारण केलेल्या असत. असा जमीनदार वारला की राजाचा अधिकारी सगळी मालमत्ता ताब्यात घेई आणि गावोगाव पंच बसवून तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घेई: जमीन किती, तिचं मोल किती, वारस कोण आणि किती वर्षांचा? वारस सज्ञान असेल तर नजराणा भरून वारसा मिळे. मॅग्ना कार्टा या १२१५च्या सनदेनं अर्लसाठी हा नजराणा शंभर पौंड ठरवून दिला होता. मुलगा एकवीस वर्षांखालचा असेल तर तो मोठा होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न राजाकडे, आणि त्याचं लग्न ठरवण्याचा हक्कही राजाकडे. राजा हे पालकत्व विकू शके किंवा कुणालाही बक्षीस देऊ शके. विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा तहहयात मिळे, पण पुन्हा लग्न करायचं तर राजाची परवानगी लागे.

म्हणजे दर वर्षी दोन-चार मोठी घरं तरी राजाच्या मुठीत येत. ती कोणाच्या ओंजळीत पडणार हे राजाच्या कानाशी कोण बसलंय त्यावर ठरे.

इथे 'कानाशी' हा शब्द मी जवळजवळ शब्दशः वापरतेय. अर्ज मान्य होण्याची वाट अशी असे. अर्जदार, किंवा त्याच्या वतीनं कुणी वजनदार माणूस, राजापर्यंत पोचतो. राजा तोंडी हो म्हणतो. तो होकार खासगी शिक्क्याच्या कारकुनाला कळवला जातो आणि त्या छोट्या शिक्क्याचं पत्र चॅन्सलरकडे, म्हणजे राज्याच्या दफ्तराच्या प्रमुखाकडे, जातं. चॅन्सलरचे कारकून त्यावरून सनद लिहितात आणि तिच्यावर राज्याचा मोठा शिक्का उमटतो. मोठ्या शिक्क्याशिवाय सनदेला बाजारात किंमत नाही. यातली शेवटची पायरी वेस्टमिन्स्टरच्या जुन्या, मुरलेल्या दफ्तरात घडते, पण पहिली घडते राजाच्या शय्यागृहाच्या दालनात. त्या दालनाचा प्रमुख म्हणजे चेंबरलेन. कोणाला आत सोडायचं, कोणता कागद कधी पुढे करायचा, हे त्याच्या हातात. पुढे ह्यू डिस्पेन्सरला देशातला सगळ्यात धोकादायक माणूस याच पदानं बनवलं.

पैशाच्याही अशाच दोन वाटा होत्या. एक्स्चेकर हा वेस्टमिन्स्टरला बसणारा खजिना. तिथे जमा-खर्च तपासला जाई, शेरीफांना जाब विचारला जाई. वॉर्डरोब नावाचं खातं मात्र राजाबरोबर गावोगाव फिरे. मूळचं ते कपड्यालत्त्याचं, पण आता त्यातून युद्धाचाही खर्च होई. उत्पन्न परस्पर वॉर्डरोबमध्ये वळवलं की ते तपासणीतून सुटलं. जकातीचं उत्पन्न तर फ्रेस्कोबाल्दी या फ्लोरेन्सच्या सावकारांना कर्जापोटी लावून दिलेलं होतं.

शपथेतलं चौथं कलम

राजा लग्नासाठी फ्रान्सला गेला तेव्हा राज्य सांभाळायला मागे ठेवलं गॅव्हस्टनला. २५ जानेवारी १३०८ रोजी बुलोन्य इथे बारा वर्षांच्या इझाबेलाशी, फ्रान्सच्या राजाच्या मुलीशी, लग्न लागलं. महिन्यानं, २५ फेब्रुवारीला, वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक झाला. मिरवणुकीत संत एडवर्डचा मुकुट घेऊन चालण्याचा मान गॅव्हस्टनला मिळाला, आणि तो जांभळ्या, मोत्यांनी मढवलेल्या राजवस्त्रांत आला. अर्लमंडळी सोनेरी वस्त्रांत होती. कोणता माणूस कोणत्या रंगात उभा आहे यावरून त्याचा दर्जा वाचणाऱ्या त्या समाजात हे उघड आव्हान होतं.

पण त्या दिवशीची खरी महत्त्वाची गोष्ट राजाच्या शपथेत होती. जुन्या तीन वचनांना एक चौथं जोडलं गेलं. राज्यातला जनसमुदाय जे न्याय्य कायदे आणि रूढी 'निवडील' ते राजा पाळील आणि त्यांचं रक्षण करील. फ्रेंच भाषेतल्या या वाक्यातलं क्रियापद भविष्याकडे बोट दाखवतं. पुढे सरदार ठरवतील तेही यात आलंच, असं त्यांना म्हणता येण्यासारखं होतं.

एप्रिलमध्ये त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. आमची निष्ठा मुकुटाशी आहे, तो डोक्यावर असलेल्या व्यक्तीशी नंतर. राजा चुकला तर त्याला वळणावर आणणं हे निष्ठेतच येतं, असं त्यांनी लेखी मांडलं. राजा आणि राजपद वेगळं करणारा हा युक्तिवाद माझ्या मते या वीस वर्षांतला सगळ्यात स्फोटक कागद आहे. पण तो दुधारी होता. तेरा वर्षांनी हेच तत्त्व मांडल्याचा आरोप सरदारांनी डिस्पेन्सरवर केला आणि तेव्हा त्याला राजद्रोह म्हटलं!

मे १३०८मध्ये गॅव्हस्टनच्या हद्दपारीचा निर्णय झाला. राजानं काय केलं, तर गॅव्हस्टनला आयर्लंडचा राजप्रतिनिधी नेमून पाठवलं आणि वर्षभरात, परतल्यास चर्चमधून बहिष्कृत करण्याची धमकी पोपकडून रद्द करून घेऊन, परत बोलावलं. आल्यावर त्यानं मोठमोठ्या अर्लना टोपणनावं ठेवली. वॉरिकचा अर्ल 'आर्डनचा काळा कुत्रा' झाला, तर लिंकनचा 'फुटक्या पोटाचा'. वॉरिकनं हे विसरायचं नाही असं ठरवलं.

एकेचाळीस कलमं आणि त्यातलं भोक

मार्च १३१०मध्ये राजाला सुधारणांसाठी एकवीस जणांची समिती मान्य करावी लागली: आठ अर्ल, सात बिशप आणि सहा बॅरन, म्हणजे अर्लहून खालच्या दर्जाचे सरदार. सप्टेंबर १३११मध्ये त्यांचे अध्यादेश लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात वाचून दाखवले गेले. एकूण एकेचाळीस कलमं. ती वाचताना वर सांगितलेली सगळी यंत्रणा डोळ्यांपुढे येते, कारण कलमं नेमकी तिच्याच सांध्यांवर घाव घालतात. सरदारांच्या संमतीशिवाय, आणि ती पार्लमेंटमध्ये घेतल्याशिवाय, राजानं जमीन वा पालकत्व कुणाला देऊ नये. सगळं उत्पन्न आधी एक्स्चेकरमध्ये यावं. चॅन्सलर, खजिनदार यांसारख्या नेमणुका सल्ल्यानं व्हाव्यात. संमतीशिवाय राजानं युद्ध करू नये, देश सोडू नये. पार्लमेंट वर्षातून एकदा, गरज पडली तर दोनदा भरावं. फ्रेस्कोबाल्दींची मालमत्ता धरावी. आणि गॅव्हस्टननं १ नोव्हेंबरच्या आत देश सोडावा.

मसुदा बारकाईनं केलेला होता. तरी तो फसला आणि त्याचं कारण त्याच्याच घडणीत होतं. ही कलमं अमलात आणायची कुणी? राजाच्याच शेरीफांनी, राजाच्याच कारकुनांनी, राजाच्याच शिक्क्यानं. एका कलमात प्रत्येक पार्लमेंटमध्ये एक बिशप, दोन अर्ल आणि दोन बॅरन यांनी अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकाव्यात असं होतं. पण दोन पार्लमेंटच्या मधल्या महिन्यांत राजाच्या दालनात कोण उभं राहणार? सरदारांना आपापल्या जहागिरी होत्या. बारा महिने दरबारात बसून राहणं त्यांना शक्यही नव्हतं आणि आवडणारंही नव्हतं. शिवाय कायद्याचा एक जुना मुद्दा राजाच्या बाजूनं होता: जबरदस्तीनं दिलेलं वचन बंधनकारक नसतं. जानेवारी १३१२मध्ये, गॅव्हस्टन परत आल्यावर, राजानं यॉर्कहून त्याच्यावरची हद्दपारी बेकायदा ठरवली.

मग उरला एकच मार्ग. मे महिन्यात लँकेस्टरचा अर्ल थॉमस फौज घेऊन न्यूकॅसलवर चालून गेला. राजा आणि गॅव्हस्टन इतक्या घाईनं निसटले की घोडे, जडजवाहीर सगळं मागे राहिलं.

स्कारबरोचा करार

गॅव्हस्टन समुद्रकाठच्या स्कारबरो किल्ल्यात अडकला. पेम्ब्रोकचा अर्ल आणि इतर दोघांनी वेढा घातला आणि १९ मे १३१२ रोजी करार झाला. गॅव्हस्टननं शरण यावं. राजा आणि सरदार यांच्यात बोलणी व्हावीत. १ ऑगस्टपर्यंत काही ठरलं नाही, तर त्याला होता तसा किल्ल्यात परत पोचवावं. तोवर किल्ल्यात रसद भरायलाही मुभा होती. वेढा घालणाऱ्यांनी इतक्या उदार अटी का दिल्या? त्यांना गॅव्हस्टन जिवंत हवा होता, ओलीस म्हणून. पेम्ब्रोकनं त्याच्या सुरक्षिततेसाठी आपल्या सगळ्या जमिनी तारण लावल्या.

करारात एकच चूक होती. वॉरिक आणि लँकेस्टर त्यात सह्यांचे धनी नव्हते. त्यांच्यावर तो बंधनकारक नव्हता.

९ जूनला ऑक्सफर्डशरमधल्या डेडिंग्टन गावी मुक्काम पडला. पेम्ब्रोक कैद्याला थोड्याशा पहाऱ्यात ठेवून जवळच असलेल्या बायकोला भेटायला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे वॉरिकच्या माणसांनी घराला वेढा दिला आणि गॅव्हस्टनला वॉरिकच्या किल्ल्यावर नेलं. पेम्ब्रोकनं ग्लॉस्टरच्या अर्लकडे, गॅव्हस्टनच्या मेव्हण्याकडे, दाद मागितली. पुढच्या वेळी सौदा जपून करा, असं त्यानं ऐकवलं. ऑक्सफर्ड विद्यापीठाकडेही पेम्ब्रोकनं मदत मागितली. कुणी आलं नाही. १९ जूनला ब्लॅकलो टेकडीवर दोन वेल्श शिपायांनी गॅव्हस्टनला मारलं. ती टेकडी लँकेस्टरच्या जमिनीत होती, हे योगायोगानं घडलं नव्हतं. राजाचा सख्खा चुलतभाऊ, सगळ्यात मोठा सरदार, आपल्या हद्दीत ही जबाबदारी घेत होता.

परिणाम उलटा झाला. शब्द मोडल्याचा डाग लागलेला पेम्ब्रोक कायमचा राजाच्या बाजूला गेला. समितीची एकजूट फुटली. आणि राजाच्या मनात लँकेस्टरचा हिशेब उघडा राहिला.

विरोध करणाऱ्याची अडचण

लँकेस्टरकडे पाच अर्लपदं होती: लँकेस्टर, लेस्टर आणि डर्बी वडिलांकडून, लिंकन आणि सॉल्सबरी बायको ॲलिस द लेसीच्या वारशातून. उत्पन्न वर्षाला सुमारे अकरा हजार पौंड. एवढ्या बळावर त्यानं दहा वर्षं एकच मागणी धरून ठेवली: अध्यादेश पाळा. १३१४मध्ये राजा स्कॉटलंडवर निघाला तेव्हा, युद्धाला पार्लमेंटची संमती घेतलेली नाही या मुद्द्यावर, लँकेस्टर आणि वॉरिकसह चार अर्ल स्वतः गेले नाहीत. नियमात बसतील तेवढीच माणसं त्यांनी पाठवली. बॅनकबर्नला राजाचा दारुण पराभव झाला आणि सत्ता आपोआप लँकेस्टरच्या पदरात पडली. १३१६मध्ये त्याला राजाच्या मंडळाचा प्रमुखही केलं गेलं.

त्यानं ती पेलली नाही. १३१५पासून सलग पावसानं पिकं कुजली होती, उत्तर युरोपभर दुष्काळ होता, उत्तरेत स्कॉट लोकांच्या धाडी चालू होत्या. लँकेस्टर बहुतेक काळ पॉन्टिफ्रॅक्टच्या आपल्या किल्ल्यात बसून पत्रं पाठवत राहिला. राजाच्या दाराशी रोज उभं राहिल्याशिवाय राज्य चालत नाही. तिथे उभं राहणं त्याला धोक्याचं वाटत होतं, आणि त्याची भीती निराधार नव्हती. ऑगस्ट १३१८मध्ये लीक इथे तडजोड होऊन सतरा जणांचं मंडळ नेमलं गेलं; त्यात लँकेस्टर स्वतः नव्हता, त्याच्या वतीनं एक प्रतिनिधी होता. त्याच वर्षी चेंबरलेनच्या पदावर धाकटा ह्यू डिस्पेन्सर आला.

तीन बहिणींची वाटणी

आता बॅनकबर्नकडे परत जावं लागेल, कारण पुढच्या यादवीचं बीज तिथे पडलेल्या एका माणसात आहे. ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर, वय तेवीस, तिथे मारला गेला. त्याला मूल नव्हतं. त्याची विधवा मॉड आपण गरोदर आहोत असं सांगत राहिली. पोटातलं बाळ वारस ठरणार असल्यानं वाटणी थांबली. नऊ महिने झाले, वर्ष झालं, दोन वर्षं झाली. धाकट्या डिस्पेन्सरनं, जो गिल्बर्टच्या मोठ्या बहिणीचा नवरा होता, दावा लावला. त्याला उत्तर मिळालं की तुम्हाला शंका होती तर वेळीच तपासणीचा हुकूम मागायला हवा होता. राजाला हा विलंब सोयीचाच होता: तोवर देशातली एक सर्वांत मोठी जहागीर त्याच्या ताब्यात राहिली.

इंग्लंडच्या कायद्यात मुलगा असेल तर थोरल्याला सगळं, पण फक्त बहिणी असतील तर सारखे वाटे. त्यामुळे १३१७मध्ये तीन वाटे पडले. थोरल्या एलेनॉरच्या, म्हणजे डिस्पेन्सरच्या वाट्याला वेल्समधलं ग्लॅमॉर्गन आलं. मार्गारेटच्या, म्हणजे गॅव्हस्टनच्या विधवेच्या, वाट्याला न्यूपोर्ट; तिचं नवं लग्न राजानं ह्यू ऑडलीशी लावलं होतं. धाकट्या एलिझाबेथला अस्क मिळालं; तिचा नवरा रॉजर डॅमरी. ऑडली आणि डॅमरी दोघंही त्या वेळचे राजाच्या मर्जीतले. प्रत्येक वाटा वर्षाला हजार पौंडांहून मोठा होता.

नकाशावर हे तिन्ही मुलूख एकमेकांना लागून आहेत. डिस्पेन्सरनं एक गोष्ट ठरवली: तिन्ही आपल्याकडे आणायचे. आधी ऑडलीच्या रयतेकडून स्वतःलाच निष्ठेची शपथ घेववली, मग त्याला न्यूपोर्टच्या बदल्यात कमी मोलाच्या इंग्रजी जमिनी घ्यायला भाग पाडलं. त्यानंतर नजर वळली शेजारच्या गोअरकडे. तिथला मालक विल्यम द ब्रेओस कर्जात होता आणि जमीन एकाच वेळी अनेकांना विकायच्या गोष्टी करत होता. त्याचा जावई जॉन मोब्रे याचा तिच्यावर ताबा होता. डिस्पेन्सरनं राजाला सुचवलं की राजाच्या परवान्याशिवाय झालेलं हस्तांतर बेकायदा आहे, म्हणून गोअर जप्त करा. ऑक्टोबर १३२०मध्ये जप्तीचा हुकूम निघाला.

इंग्लंडमध्ये हा मुद्दा बरोबर होता. पण वेल्सच्या सीमेवरच्या, 'मार्च' म्हटल्या जाणाऱ्या मुलखात राजाचे नेहमीचे हुकूम चालत नसत. तिथले सरदार स्वतःची न्यायालयं चालवत, आपापसात लढत, आणि जमीन हस्तांतराला राजाचा परवाना लागत नाही ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रूढी होती. आज मोब्रेची जमीन गेली तर उद्या कुणाचीही जाईल, हे सगळ्यांना एकदमच कळलं. हेरफर्डचा अर्ल, मॉर्टिमर घराण्यातले काका-पुतणे, ऑडली, डॅमरी एकत्र आले. मे १३२१मध्ये त्यांनी काही दिवसांत डिस्पेन्सरचे न्यूपोर्ट, कार्डिफ आणि इतर किल्ले घेतले. ऑगस्टमध्ये पार्लमेंटनं बापलेक दोघा डिस्पेन्सरना हद्दपार केलं. आरोपपत्रात एक मुद्दा असा होता: दोघांपैकी एक जण ऐकायला हजर असल्याशिवाय कोणत्याही थोर सरदाराला राजाशी बोलता येत नाही.

१३२२

यावेळी राजा वेगळ्या रीतीनं लढला. त्यानं शत्रूंना एकेकटं गाठलं. ऑक्टोबरमध्ये केंटमधल्या लीड्स किल्ल्यानं राणीला मुक्काम नाकारला. तो किल्ला बंडखोरांना मिळालेल्या बॅडल्समिअर या सरदाराचा होता, आणि त्याच्याशी लँकेस्टरचं जुनं वैर असल्यानं कुणी मदतीला धावणार नाही हे राजाला ठाऊक होतं. किल्ला पडला. जानेवारीत मॉर्टिमर श्रूझबरीला शरण आले. मग राजा उत्तरेकडे वळला. १६ मार्च १३२२ रोजी बरोब्रिजच्या पुलावर राजाच्या बाजूच्या अँड्रू हार्क्लेनं बंडखोरांची वाट अडवली. हेरफर्ड पुलावरच मारला गेला, लँकेस्टर पकडला गेला. २२ मार्चला पॉन्टिफ्रॅक्टला, त्याच्याच किल्ल्यात, त्याच्यावर खटला चालला. बोलण्याची मुभा न देता शिक्षा वाचली गेली आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. मे महिन्यात यॉर्कच्या पार्लमेंटनं अध्यादेश रद्द केले.

यानंतरची चार वर्षं म्हणजे यंत्रणा एकाच माणसाच्या हाती पूर्ण गेली की काय होतं त्याचा नमुना. डिस्पेन्सर ती कागदावर वापरी. लँकेस्टरच्या विधवेला धमकावून तिच्या जमिनी लिहून घेतल्या गेल्या. एलिझाबेथ द क्लेअरचा नवरा डॅमरी बंडात मेला होता. तिला बार्किंगच्या मठात ठेवलं आणि अस्कच्या बदल्यात कमी उत्पन्नाचं गोअर घ्यायला लावलं. नंतर ब्रेओसकरवी गोअरवर दावा लावून तेही तिच्याकडून काढलं आणि डिस्पेन्सरकडे वळवलं. प्रत्येक पायरीला रीतसर कागद, साक्षीदार, शिक्का. एलिझाबेथनं मे १३२६मध्ये या सगळ्याचा गुप्तपणे लेखी निषेध नोंदवून ठेवला, तेव्हा कोणतीही मदत दृष्टिपथात नसताना. त्या दस्तऐवजातला धीर मला कोणत्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो.

इतर सरदारांना मोठ्या रकमांची कर्जखतं लिहून द्यायला लावली जात. ती वसूल करायची नसत. मान वर केली तर वापरायला ठेवलेली असत. राजाच्या खजिन्यात १३२६ साली साठ हजार पौंडांच्या आसपास रोकड होती. पण ज्यांच्या जिवावर ती वाचवायची, ते सगळे त्याच्यापासून तुटले होते.

राजाला काढायचं कसं

१३२३मध्ये मॉर्टिमर काका-पुतण्यांपैकी पुतण्या रॉजर लंडनच्या टॉवरमधून पळून फ्रान्सला गेला. १३२४मध्ये राणीच्या जमिनी जप्त झाल्या. पुढच्या वर्षी तिला भावाशी, फ्रान्सच्या राजाशी, वाटाघाटीसाठी पाठवलं आणि मागोमाग युवराजालाही, गॅस्कनीच्या मुलखासाठी फ्रान्सच्या राजाला मांडलिक म्हणून मुजरा करायला. युवराजाला धाडणं ही या राजवटीतली सगळ्यात महागात पडलेली चूक. आजवर कोणत्याही विरोधकाकडे जे नव्हतं, ते आता इझाबेलाच्या हातात आलं: पर्यायी राजा.

२४ सप्टेंबर १३२६ रोजी ती सफोकच्या किनाऱ्यावर ऑरवेल नदीच्या मुखाशी उतरली. फौज जेमतेम दीड हजारांची. तिला अडवायला कुणीच आलं नाही. थोरल्या डिस्पेन्सरला ब्रिस्टलला, धाकट्याला हेरफर्डला मारलं गेलं.

पण राजाला पदच्युत करायची रीतच इंग्लंडच्या कायद्यात नव्हती. ती पायरी पायरीनं रचावी लागली. राजा वेल्सच्या किनाऱ्यावरून जहाजात बसला होता, तेवढ्याचा आधार घेऊन २६ ऑक्टोबरला त्यानं 'देश सोडला' असं ठरवलं आणि तेरा वर्षांच्या मुलाला राज्याचा रखवालदार जाहीर केलं. १६ नोव्हेंबरला राजा पकडला गेला. चारच दिवसांत त्याच्याकडून मोठा शिक्का काढून घेतला. आता राजाच्याच नावानं राजाविरुद्ध हुकूम निघू शकत होते. ७ जानेवारी १३२७ला पार्लमेंट भरलं, राजानं यायला नकार दिला. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये सरदार, बिशप, नागरिक यांच्याकडून शपथा घेतल्या. मग शिष्टमंडळ केनिलवर्थला गेलं. तू पद सोडलंस तर मुलगा गादीवर बसेल. नाही सोडलंस तर राजघराण्याबाहेरचा कुणी निवडला जाईल, असं त्याला सांगण्यात आलं. तो रडला आणि कबूल झाला. विल्यम ट्रसेलनं सगळ्यांच्या वतीनं निष्ठा मागे घेतली. मग राजवाड्याचा कारभारी थॉमस ब्लाउंट यानं आपल्या हुद्द्याची काठी मोडली. राजा वारल्यावरच मोडायची ती काठी होती. राजवाड्याचा संसार संपला, म्हणजे राजा संपला, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं.

कॉर्नवॉल पुन्हा

मॉर्टिमरनं तीन वर्षांत डिस्पेन्सरचीच चाल गिरवली. मार्चचा अर्ल असं नवं पद घेतलं, जमिनी गोळा केल्या, तरुण राजाभोवती पहारे बसवले. ऑक्टोबर १३३०मध्ये तिसरा एडवर्ड, वय सतरा, विल्यम माँटेग्यू आणि आपल्याच वाड्यातल्या मूठभर तरुणांसह रात्री नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात भुयारी वाटेनं शिरला आणि मॉर्टिमरला पकडलं. पुढच्या महिन्यात त्याला लंडनजवळच्या टायबर्नला फाशी झाली.

मार्च १३३७मध्ये या राजानं एका झटक्यात सहा नवे अर्ल केले. त्यांतले बहुतेक त्याच्या जवळचे होते, काही तर नॉटिंगहॅमच्या त्या रात्रीचे साथीदार. माँटेग्यूला सॉल्सबरी मिळालं, जे एकदा लँकेस्टरकडे होतं. ह्यू ऑडलीला ग्लॉस्टर मिळालं, बॅनकबर्नपासून रिकामं राहिलेलं. मर्जीतल्यांना दिलेल्या या बक्षिसांवर सरदारांनी तलवार उपसली नाही. देणं एकाला न देता सहांना दिलं होतं, जुन्या घरांतलेही त्यात होते, आणि ते पार्लमेंटमध्ये, सगळ्यांसमोर, संमतीनं दिलं होतं. त्याच पार्लमेंटमध्ये कॉर्नवॉलचाही निकाल लागला. ते ड्यूकपद करून राजाच्या थोरल्या मुलाला दिलं, आणि यापुढे ते राजाच्या थोरल्या मुलाचंच राहील असं सनदेत लिहिलं. आजही ते तसंच आहे.